विधेयक संयुक्त समितीकडे गेलं की सूचना कशी लिहायची, कुठे द्यायची (नागपूर)

सिव्हिल_लाइन्स

हिवाळी अधिवेशन जवळ आलं की एकच विचारणा सुरू होते: अमुक विधेयक समितीकडे आहे म्हणे, सुनावणी कधी, आमच्या संस्थेला बोलता येईल का? घरेलू कामगार, ज्येष्ठ नागरिक, बहिष्कार, महिलांवरचे अत्याचार, विषय कोणताही असो, वाट तीच असते. ती एकदा नीट मांडून ठेवतो. चुकलं तर जाणकारांनी दुरुस्त करावं.

आधी 'सुनावणी' या शब्दाबद्दल. हा शब्द आपल्याकडे शहराच्या विकास आराखड्यावरून आलाय. तिथे हरकत दिली की नियोजन समितीपुढे म्हणणं मांडायला बोलावतात. विधिमंडळाच्या समितीत असा हक्क कोणाला नाही. समिती लेखी सूचना मागवते, आणि त्यातल्या ज्यांना ऐकावंसं वाटेल त्यांना साक्षीसाठी बोलावते. बैठक बंद दाराआड होते, प्रेक्षक सज्जा नसतो. म्हणून सगळी मदार कागदावर. कागद बोलला नाही तर बोलावणंही येत नाही.

विधेयक पुरःस्थापित झालं, म्हणजे सभागृहात मांडलं गेलं, की सभागृहापुढे वाटा असतात: लगेच विचारात घेणं, त्याच सभागृहाच्या प्रवर समितीकडे देणं, दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे देणं, किंवा जनमतासाठी प्रसृत करणं. समितीकडे पाठवायच्या प्रस्तावातच अहवाल कधी द्यायचा ते ठरलेलं असतं. मुदतवाढ फक्त सभागृह देतं. त्यामुळे पहिलं काम म्हणजे तो प्रस्ताव शोधून तारीख टिपून ठेवणं. सूचनांसाठीची जाहिरात नंतर येते आणि तिची मुदत वेगळी असते. जनसुरक्षा विधेयक इथेच, नागपुरात १८ डिसेंबर २०२४ ला मांडलं गेलं आणि संयुक्त समितीकडे गेलं. महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे अध्यक्ष होते. सूचनांची शेवटची तारीख होती १ एप्रिल २०२५. जुलै २०२५ मध्ये विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. म्हणजे अधिवेशन संपून मोर्चे परत गेले, आणि लोकांना खरी संधी त्यानंतरच्या तीन महिन्यांत होती.

वकील_हिंगणा

छान सुरुवात जी. मी विधेयक वाचायचं कसं त्याबद्दल लिहितो, कारण बहुतेक निवेदनं इथेच फसतात.

विधेयकात 'कलम' नसतं, 'खंड' असतो. मंजुरीनंतर त्या खंडाचं कलम होतं. दुरुस्ती विधेयक असेल तर घोटाळा ठरलेला: विधेयकाच्या खंड ४ ने मूळ अधिनियमाचं कलम ११ बदलायचं असतं, आणि निवेदनात लिहिलेलं असतं "कलम ४ ला विरोध". मूळ अधिनियमाच्या कलम ४ चा विषयच वेगळा. असा कागद कोणत्या खंडाखाली लावायचा हे कोणालाच ठरवता येत नाही. नेहमी पूर्ण पत्ता लिहा: "विधानसभा विधेयक क्रमांक अमुक, खंड ४, मूळ अधिनियमाचे कलम ११, पोट-कलम (२), परंतुक."

विधेयकाच्या शेवटची पानं आधी वाचा. तिथे तीन गोष्टी असतात. उद्देश व कारणे यांचे निवेदन: सरकारला हे का हवंय ते. वित्तीय ज्ञापन: तिजोरीतून खर्च होणार का. आणि वैधानिक अधिकार सोपवण्यासंबंधीचे ज्ञापन: कोणत्या गोष्टी नंतर नियमांनी ठरवल्या जातील. हे तिसरं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पात्रता, मुदत, फी, अपील कोणाकडे, हे सगळं "विहित करण्यात येईल" म्हणून नियमांवर ढकललेलं असेल, तर विधेयकावर कितीही चर्चा झाली तरी तुमच्या माणसाच्या हाती काय पडणार ते अजून ठरलेलंच नाही.

मग क्रियापदं. "करील" म्हणजे बंधन. "करू शकेल" म्हणजे मर्जी. पेन्सिल घेऊन प्रत्येक "शकेल"वर गोल करा. जिथे अधिकाऱ्याचं कर्तव्य असायला हवं तिथे "शकेल" दिसलं, की तुमची पहिली सूचना तयार.

रामटेककर

वकीलसाहेब, शिक्षेच्या तरतुदी असतील तर आणखी एक बघायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. जुन्या मसुद्यावरून बेतलेल्या विधेयकात जुनी कलमं राहून जातात. महिलांवरच्या अत्याचारांबाबतचं शक्ती विधेयक तर जुन्या संहितांमध्येच दुरुस्ती करणारं होतं. विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केलं, राष्ट्रपतींकडे गेलं, पण कायदा म्हणून लागू झालं नाही, आणि दरम्यान पायाच बदलला.

राष्ट्रपतींकडे का जातं, हेही लोकांना सांगावं लागतं. फौजदारी कायदा, विवाह, वारसा, कामगार कल्याण हे विषय समवर्ती सूचीत आहेत. केंद्राच्या कायद्याशी विसंगत तरतूद असेल तर अनुच्छेद २५४(२) खाली राष्ट्रपतींची संमती लागते. सामाजिक बहिष्काराचा कायदा एप्रिल २०१६ मध्ये मंजूर झाला आणि संमती मिळून लागू व्हायला जुलै २०१७ उजाडला. आपण सुचवलेली दुरुस्ती केंद्राच्या कायद्याला छेद देत असेल तर ती चुकीची ठरत नाही, पण किती काळ अडकेल ते आधी मोजा.

टंकलेखन_महाल

एक नमुना देते. खंड काल्पनिक आहे, पण अशी वाक्यं पुष्कळ मसुद्यांत सापडतात.

विधेयकाच्या खंड ७, पोट-खंड (२) चा मजकूर समजा असा आहे: "मंडळ, अर्ज मिळाल्यानंतर शक्य तितक्या लवकर, पात्र कामगारास ओळखपत्र देऊ शकेल."

नेहमीचं निवेदन म्हणतं: "कामगारांना ओळखपत्रासाठी हेलपाटे मारावे लागतात, तरी शासनाने सहानुभूतीपूर्वक विचार करावा." खरं आहे, पण यातून खंडात काय बदलायचं ते समितीला कळत नाही.

आता सूचना अशी लिहा. "खंड ७, पोट-खंड (२) मध्ये, 'शक्य तितक्या लवकर' या मजकुराऐवजी 'अर्ज मिळाल्याच्या दिनांकापासून तीस दिवसांच्या आत' हा मजकूर दाखल करावा, आणि 'देऊ शकेल' याऐवजी 'देईल' हा शब्द दाखल करावा." त्याखाली कारण, चार ओळींत. त्याखाली पूर्ण सुधारलेलं वाक्य, म्हणजे वाचणाऱ्याला जोडत बसावं लागत नाही.

इथे एक खाच आहे. पुष्कळ जण उत्साहात "परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून तीस दिवस" लिहितात. 'परिपूर्ण' शब्द घातला की घड्याळ कधी सुरू होणार हे कार्यालयाच्या हातात गेलं. आज आधार, पुढच्या आठवड्यात मालकाचा दाखला, नंतर फोटो लहान. म्हणून सोबत एक वाक्य जोडा: "अर्जात त्रुटी असल्यास त्या सर्व त्रुटी सात दिवसांच्या आत एकाच वेळी लेखी कळवील." 'सर्व' आणि 'एकाच वेळी' हे दोन शब्द काढले तर बाकी वाक्य निकामी होतं.

आणि मुदत चुकली तर काय? परिणाम लिहिला नसेल तर मुदत ही नुसती इच्छा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मध्ये सेवा देण्याची जबाबदारी असलेल्या पदनिर्देशित अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये शास्तीची (दंडाची) तरतूद आहे. "ही सेवा त्या अधिनियमाखाली अधिसूचित करावी" अशी शिफारस समितीकडे मागता येते. नवी यंत्रणा उभी करण्यापेक्षा हे सोपं.

वकील_हिंगणा

ताई, 'परिपूर्ण'चा मुद्दा अगदी बरोबर. नवी यंत्रणा म्हणालात त्यावरून एक. "प्रत्येक तालुक्यात स्वतंत्र अधिकारी नेमावा, निधी द्यावा" अशी सूचना आली की ती पैशावर अडते. राज्याच्या एकत्रित निधीतून खर्च होणार असेल तर अनुच्छेद २०७(३) प्रमाणे राज्यपालांची शिफारस लागते. तेच काम असलेल्या अधिकाऱ्यावर सोपवा: सहायक कामगार आयुक्त, तहसीलदार, पोलीस निरीक्षक, जो त्या विषयाला लागू पडेल तो. जादूटोणाविरोधी कायद्यातला दक्षता अधिकारी हा असाच पोलीस यंत्रणेतला आहे.

त्याच कायद्याकडे बघा. अध्यादेश ऑगस्ट २०१३ मध्ये निघाला आणि विधेयक इथे नागपूरच्या डिसेंबर अधिवेशनात मंजूर झालं. पण त्याआधी कित्येक वर्षं मसुद्यातल्या व्याख्यांवर वाद होता. शेवटी गुन्हा ठरणाऱ्या कृती अनुसूचीत १२ बाबींमध्ये नेमक्या लिहिल्या गेल्या. "अंधश्रद्धा म्हणजे काय" या न संपणाऱ्या वादातून ते विधेयक नेमक्या कृतींच्या यादीमुळे बाहेर पडलं. व्याख्येवर अडलेल्या प्रत्येक सामाजिक विधेयकात ही युक्ती वापरून बघावी: व्याख्या आवरती घ्या, कृती अनुसूचीत लिहा.

अजनी_पूल

आम्ही कामगारांच्या संघटनेतर्फे यशवंत स्टेडियमवरून मोर्चा नेणार आहोत. शिष्टमंडळ मंत्र्यांना भेटून निवेदन देईल. ते समितीकडे पोचतं ना?

सिव्हिल_लाइन्स

आपोआप नाही पोचत, भाऊ. मंत्र्याला दिलेलं निवेदन त्या विभागाच्या आवक नोंदीत जातं, समितीची फाइल विधानमंडळ सचिवालयात असते. दोन वेगळी दारं. मोर्चा काढा, त्याचं वजन असतं, पण त्याच दिवशी तोच मजकूर "सचिव, महाराष्ट्र विधानमंडळ सचिवालय" यांच्या नावे, विषयात समितीचं नाव आणि विधेयक क्रमांक लिहून वेगळा द्या.

नागपुरातली सोय अशी. विधानभवनात २०२१ पासून सचिवालयाचा कायमस्वरूपी कक्ष आहे. अधिवेशनाच्या दिवसांत विधानभवनाभोवतीचे रस्ते बंद असतात आणि प्रवेशिकेशिवाय आत सोडत नाहीत, म्हणून कागद अधिवेशनाच्या आधी किंवा नंतर द्यावा. मेट्रोने झीरो माइल किंवा कस्तुरचंद पार्क स्थानकाला उतरून चालत जाता येतं. तीन प्रती न्या: एक द्यायची, एक पोच घेण्यासाठी, एक जपून ठेवायला. पोच घेताना नुसता शिक्का पुरत नाही, आवक क्रमांक आणि तारीख हवी. पुढे माहिती अधिकारात तोच क्रमांक उपयोगी पडतो. शिवाय जीपीओतून स्पीड पोस्टने मुंबईच्या विधानभवनाला आणि जाहिरातीत दिलेल्या ईमेलवर, दोन्हीकडे पाठवा. जाहिरातीत दिलेला पत्ताच धरा, जुन्या समितीचा नको.

विधेयकाची छापील प्रत हवी असेल तर झीरो माइलजवळच्या शासकीय मुद्रणालयाच्या ग्रंथागारात राजपत्र मागा.

टंकलेखन_महाल

ईमेलबद्दल: कृतीदेवसारख्या जुन्या टंकात लिहिलेली फाइल पाठवू नका. पलीकडच्या संगणकावर तो टंक नसेल तर अक्षरांच्या जागी नुसतीच चिन्हं उमटतात. युनिकोडमध्ये टाइप करा, पीडीएफ जोडा, आणि शक्य असेल तर वर्ड फाइलही, म्हणजे समितीपुढे ठेवायच्या सूचनांच्या गोषवाऱ्यात तुमचं वाक्य जसंच्या तसं उचलता येतं. पहिल्या पानावर तक्ता ठेवा: खंड, सध्याचा मजकूर, सुचवलेला मजकूर, कारण. एका खंडाला एक ओळ.

आणि एकाच मजकुराच्या पाचशे झेरॉक्स नकोत. गोषवाऱ्यात त्या सगळ्या एका ओळीत बसतात. पाचशे जण असतील तर एकच कागद, मागे सह्यांची यादी. त्याऐवजी पाच संस्थांनी पाच वेगळे खंड वाटून घेतले तर समितीपुढे पाच मुद्दे जातात.

इतवारी

मला शंका आहे. जनसुरक्षा विधेयकावर १२ हजारांहून जास्त सूचना आल्या आणि बदल झाले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एवढ्या मेहनतीचं फळ काय?

वकील_हिंगणा

शंका रास्त आहे, आणि त्या विधेयकाला ज्यांचा मुळातच विरोध होता त्यांचं समाधान समितीने झालं नाही हेही खरं. पण जे बदल झाले ते बघा. दीर्घ शीर्षकात "व्यक्ती आणि संघटना" होतं, तिथे कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तशाच संघटना असा मजकूर आला. तपास उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. शक्ती विधेयकात मूळ मसुद्यातली तपासाची १५ दिवसांची मुदत समितीने ३० दिवसांवर नेली, कारण एवढ्या थोड्या दिवसांत न्यायवैद्यक अहवाल येणं कठीण आणि घाईतला तपास न्यायालयात टिकत नाही. सगळे बदल दर्जा, मुदत आणि शब्द यांचे आहेत. समिती बदलते ते हेच. "विधेयक मागे घ्या" हे समितीला करता येत नाही. ती मागणी सभागृहातल्या विरोधकांकडे आणि रस्त्यावर न्यायची. समितीपुढे जाताना त्याच निवेदनात "मागे घ्या, नाही तर निदान खंड अमुक मध्ये अमुक बदल करा" असा पर्यायी भाग असलाच पाहिजे. तो नसेल तर कागद विरोधाच्या गठ्ठ्यात जातो आणि तुमच्या खंडाखाली काहीच राहत नाही.

इतवारी

पर्यायी भाग लिहिला की मूळ विरोध सौम्य झाला असं नाही का वाटणार?

रामटेककर

म्हणून शब्दरचना अशी ठेवा: "आमचा विधेयकास तत्त्वतः विरोध असून त्यास बाध न येता पुढील सूचना सादर करीत आहोत." 'त्यास बाध न येता' हे शब्द सोडू नका.

सिव्हिल_लाइन्स

साक्षीला बोलावणं आलं तर. वेळ थोडा मिळतो आणि सदस्य मधेच प्रश्न विचारतात, म्हणून भाषण लिहून नेऊ नका. तीन खंड निवडा, प्रत्येकाचं सुचवलेलं वाक्य आधी वाचा, कारण नंतर. तुम्ही दिलेल्या आकड्याचा आधार सोबत ठेवा. आकडा कुठून आला असं विचारलं आणि सांगता आलं नाही, तर बाकीचं म्हणणंही हलकं होतं. बाधित व्यक्तीला सोबत नेणार असाल तर तिची नेण्याआधी संमती घ्या आणि कागदावर तिचं नाव नको.

बाहेर आल्यावर पत्रकारांना आत काय झालं ते सांगायचं नाही. अहवाल सभागृहात मांडला जाईपर्यंत कामकाज गोपनीय असतं, फोडलं तर विशेषाधिकारभंगाचा प्रश्न उभा राहतो. तुमचं स्वतःचं लेखी निवेदनही, एकदा समितीपुढे गेलं की, अहवालाआधी छापायला देऊ नका.

टंकलेखन_महाल

मराठी आणि इंग्रजी दोन्ही पाठ समोर ठेवून वाचा हे राहिलं. अनुच्छेद ३४८(३) प्रमाणे राज्यपालांच्या प्राधिकाराने प्रसिद्ध झालेला इंग्रजी अनुवाद हा इंग्रजीतला प्राधिकृत पाठ मानतात, आणि उच्च न्यायालयात वाद गेला की तोच उघडला जातो. मराठीत 'आणि', इंग्रजीत 'किंवा' असलं की अर्थ पार फिरतो. दोन अटींपैकी एक पुरे, की दोन्ही हव्यात? फरक दिसला तर तीच स्वतंत्र सूचना करा. अशी सूचना पक्षभेद न होता मान्य होण्याची शक्यता सर्वांत जास्त.

अजनी_पूल

ताई, दादा, अहवाल आल्यावर आमच्यासाठी काही उरतं का?

वकील_हिंगणा

पुष्कळ उरतं. अहवालासोबत समितीने सुधारलेलं विधेयक जोडलेलं असतं, आणि ज्या सदस्यांना पटलं नाही त्यांच्या भिन्नमतपत्रिका. त्या पत्रिका आधी वाचा. तुमचा मुद्दा ज्या सदस्याने उचललाय त्यालाच सभागृहात दुरुस्ती सुचवायला सांगा, आणि दुरुस्तीचा मजकूर तयार करून द्या, कारण विधेयक विचारार्थ घेतल्यावर वेळ फार थोडा असतो. विधान परिषदेतही तीच संधी पुन्हा मिळते.

विधेयक रखडलं असेल तर विधानसभेच्या मुदतीवर नजर ठेवा. अधिवेशन संस्थगित झाल्याने विधेयक पडत नाही, पण विधानसभा विसर्जित झाली की विधानसभेतलं प्रलंबित विधेयक व्यपगत होतं, म्हणजे आपोआप रद्द होतं, अनुच्छेद १९६(५). जनसुरक्षा विधेयक जुलै २०२४ मध्ये मुंबईत मांडलेलं असूनही डिसेंबरात इथे नव्याने मांडावं लागलं. तुमच्या जुन्या सूचना नव्या समितीकडे आपोआप जात नाहीत. क्रमांक बदलून पुन्हा द्याव्या लागतात.

आणि नियम. विधेयकातल्या नियम करण्याच्या अधिकाराच्या खंडात "पूर्वप्रसिद्धीच्या शर्तीस अधीन राहून" हे शब्द आहेत का बघा. असतील तर नियमांचा मसुदा राजपत्रात प्रसिद्ध करून हरकती मागवाव्याच लागतात. नसतील, तर समितीपुढची तुमची सर्वांत मोलाची सूचना हीच: हे चार शब्द घाला. ओळखपत्राचा नमुना, मुदत, अपील, सगळं त्या नियमांत ठरणार असतं, आणि या चार शब्दांमुळे तुम्हाला तिथे दुसऱ्यांदा बोलायला मिळतं.

रामटेककर

आपल्या सूचनेचं काय झालं हे अहवाल मांडल्यानंतर माहिती अधिकारात विचारता येतं. आधी विचारलं तर कलम ८(१)(ग) खाली, विधिमंडळाच्या विशेषाधिकाराचं कारण देऊन, नाकारलं जाऊ शकतं. अर्ज विधानमंडळ सचिवालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, १० रुपये शुल्क, आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे १५० शब्दांत आणि एकाच विषयावर. आवक क्रमांक लिहा आणि "सदर सूचनेवरील विभागाचे अभिप्राय व टिप्पणी यांच्या प्रती" मागा. "का नाकारली" असं विचारू नका. कारण विचारलं की 'माहिती'च्या व्याख्येत बसत नाही म्हणून अर्ज परत येतो. प्रत मागितली की ती द्यावी लागते.

अजनी_पूल

मोर्चाचं निवेदन आजच पुन्हा लिहायला घेतो. खंड वाटून घेण्यासाठी उद्या संध्याकाळी बसतोय. 'परिपूर्ण' शब्द आमच्याही मसुद्यात होता, तो काढला.